मागची सीट

"हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? तुमची पट्टी हलतेय."

काटेमास्तरांनी पेन्सिल कानावर खोचली आणि मोजपट्टी पुन्हा तिच्या पाठीला लावली. मागच्या पडवीत मोटरसायकल मोठ्या स्टॅण्डवर उभी होती आणि मागच्या सीटवर ती दोन्हीकडे पाय सोडून, टांग्यात बसल्यासारखी ऐटीत बसली होती. सीटपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत चौदा इंच. मास्तरांनी आकडा भिंतीवर लिहिला. कंबरेपासची रुंदी मोजली, तीही लिहिली. भिंतीवर असे आकडे बरेच झाले होते.

"टेकायला पाठ करताय ती नीट जाड गादीची करा," ती म्हणाली. "नाहीतर लोखंडाची दांडी लावून मोकळे व्हाल."

"गादी तूच शिवणार आहेस."

"मग दांडीसुद्धा मीच करते. तुम्ही बसा इथे वर."

मास्तर हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली. बत्तीस वर्षांच्या संसारात तेवढ्यावरून तिला सगळं कळत असे.

मास्तर वजनकाटे दुरुस्त करत. धान्याच्या गोदामातले मोठे काटे, टपाल कचेरीतले, दवाखान्यातले तान्ह्या बाळांना तोलायचे, सोनाराकडचे काचेच्या पेटीतले नाजूक, सगळे. म्हणून ते काटेमास्तर. माणूस अबोल, कामात चोख. एखाद्या काट्यात गव्हाच्या दाण्याएवढा फरक राहिला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. ती घरी शिवणकाम करी. कपडे नाही, गाद्या, उशा, पडदे, खुर्च्यांची कव्हरं. जाड कापडाची तिची दुहेरी शिवण गावात प्रसिद्ध होती. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी एकमेकांपासून इतकी वर्षं लपवलं, की शेवटी ते कुठे ठेवलंय हे दोघांनाही आठवेनासं झालं.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मास्तरांनी एक जुनी क्रूझर मोटरसायकल घरी आणली. लांबलचक, बुटकी, पुढे रुंद हॅण्डल, पोटाशी भलीमोठी टाकी. गाव सोडून निघालेल्या एका गिऱ्हाइकाकडून घेतली. दारात उभी केली तेव्हा बायको उंबऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ही काय म्हैस आणलीत?"

तेव्हापासून गाडीचं नाव म्हैस. मास्तरांना आधी ते लागलं, मग आवडलं. पहिल्याच फेरीनंतर ती म्हणाली, "सीट आहे की पाटा?" आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच सीट उसवली. आतला फोम चिवडा झालेला होता. तिने नवा फोम कापला, वर तपकिरी रेक्झिन चढवलं, कडेने दुहेरी शिवण घातली. मास्तरांनी सीट जागेवर बसवली आणि ती वर बसून दोनदा उसळून म्हणाली, "आता कसं!"

मग दोघांना नादच लागला. दर सुट्टीच्या दिवशी म्हशीची काहीतरी सुधारणा. मास्तरांनी हॅण्डल बदललं, आरशांच्या दांड्या वाकवल्या, सायलेन्सर असा काही जमवला की आवाज घशातून यायचा तो पोटातून येऊ लागला. तिने हत्यारांसाठी जाड कॅनव्हासची पिशवी शिवली, टाकीला अंगरखा शिवला. पडवीत एका बाजूला कानशीचा खरखराट आणि दुसऱ्या बाजूला शिवणयंत्राची घरघर. शेजारची नर्स भिंतीवरून डोकावून म्हणायची, "तुम्ही दोघं गाडी चालवता कमी आणि नटवताच जास्त." खरंच होतं ते. गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, वाटेत काय खुपलं, काय वाजलं ते ठरवायचं आणि घरी येऊन ते सुधारायचं. चार वर्षं अशी गेली. ती सुखाची होती हे तेव्हा कुणी मोजून ठेवलं नाही.

मग तिला घास उतरेना. आधी पित्त म्हणून झालं, मग वाताचं म्हणून झालं. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना एकट्यांना आत बोलावलं, तेव्हा ती बाहेरून म्हणाली, "मलाही यायचंय. रोग माझा आहे." बाईंनी दोघांना बसवून सांगितलं. पोटात गाठ होती आणि ती पोटातच राहिली नव्हती. औषधाने थोडं लांबवता येईल, एवढंच.

त्या दिवशी भाड्याच्या मोटारीतून घरी येताना तिला तीनदा उलटी झाली. बंद मोटारीचा, पेट्रोलचा, कोंदट हवेचा वास तिला सोसेना. पुढच्या वेळी दवाखान्यात जायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "मोटार नको. म्हशीवर न्या."

"दुखेल."

"दुखायचं ते मोटारीतही दुखतंच आहे. वारा तरी लागेल तोंडाला."

आणि खरंच, मोटरसायकलवर तिला उलटी झाली नाही. अर्धा तास ती मास्तरांच्या पाठीला गाल लावून बसली आणि दवाखान्यात उतरल्यावर म्हणाली, "छान गेला रस्ता."

तेव्हापासून सुधारणांना निराळंच कारण मिळालं. प्रत्येक फेरीत काहीतरी कळायचं. वळणावर ती मागे घसरली, म्हणून टेकायची पाठ आली. पाय टेकायच्या दांडीवरून तिचे पाय सुटले, म्हणून मास्तरांनी दोन्हीकडे लाकडी फळ्या बसवल्या आणि वर रबर ठोकलं. त्यांना पुढे वाकून चालवावं लागे, मग तिला पाठीवर डोकं फार वेळ ठेवता येत नसे. म्हणून हॅण्डल उंचावून मागे घेतलं, की मास्तर खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसतील आणि त्यांची पाठ भिंतीसारखी सरळ राहील. गोदामातून दुपारी घरी आले की कपडे न बदलताच ते पडवीत शिरायचे. ती आत खाटेवर पडून विचारायची, "आता काय चाललंय?" ते सांगायचे. ती सूचना करायची. सूचना बहुतेक बरोबर असत.

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना शॉकअपच्या स्प्रिंगा होत्या. स्प्रिंगेखाली खाचांची एक कडी असते. मागे बसणारं माणूस जड असेल तर ती कडी फिरवून स्प्रिंग आवळायची, हलकं असेल तर सैल करायची. सैल केली नाही तर हलक्या माणसाला प्रत्येक खड्डा थेट माकडहाडात बसतो. मास्तरांनी कडी पहिल्यांदा एक खाच सैल केली, तेव्हा तिला सांगितलं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

तिसऱ्यांदा ते पाना लावून बसले होते आणि ती भिंत धरत धरत पडवीच्या दारात येऊन उभी राहिली.

"परत सैल करताय?"

"काय?"

"स्प्रिंग. मला काय कळत नाही होय? गेल्या वेळी एकदम गादीवरून गेल्यासारखं वाटलं, तेव्हाच म्हटलं, मास्तरांनी काहीतरी केलंय." ती सावकाश स्टुलावर बसली. "किती?"

"एक खाच."

"खाच नाही विचारली. किलो."

मास्तरांनी पाना खाली ठेवला. "स्प्रिंगवरून तसं नेमकं नाही सांगता येत."

"जन्मभर लोकांना वजन नेमकं सांगितलंत. घरातल्या माणसाला सांगायला काय झालं?" तिने त्यांच्याकडे बघितलं. "बेचाळीस?"

"एकेचाळीस," मास्तर म्हणाले. सवय होती ती. अंदाज चुकीचा असला तर दुरुस्त करायचाच.

ती हसली. "लग्नात सत्तेचाळीस होते. तेव्हाची पोलकी घट्ट झाली म्हणून उगीच वाटून टाकली." मग थोडा वेळ ती म्हशीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एका ठिकाणी न्याल का मला? आक्काकडे."



आक्का म्हणजे तिची मोठी बहीण. चौतीस किलोमीटरवर, माहेरच्याच घरात राहायची. अकरा वर्षांपूर्वी आई तिच्याकडे असताना आजारी पडली. आज बरी होईल, उद्या बरी होईल म्हणत आक्काने धाकटीला कळवलं नाही आणि कळवलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. ही पोचली ती अंगणातल्या रिकाम्या खाटेशी. दोघी बहिणी तिथेच, लोकांदेखत, एकमेकींना नाही नाही ते बोलल्या. त्यानंतर अबोला. पत्र नाही, फोन नाही. नाव निघालं तरी ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. तिकडचा रस्ताही मास्तरांनी अकरा वर्षांत तुडवला नव्हता.

"आपण त्यांनाच बोलावू," मास्तर म्हणाले. "फोन करतो."

"नको. तिचे यजमान अंथरुणाला खिळलेत म्हणे दोन वर्षं. ती कशी येईल? आणि आली तर मी मरायला टेकले म्हणून आली असं होईल." तिने मान हलवली. "मी गेले तर मी गेले. माझ्या पायांनी."

"पायांनी?"

"म्हशीच्या."

मास्तर कामाला लागले. त्या महिन्यात त्यांनी गोदामाचे दोन काटे दुसऱ्यांकडे सोपवले. टेकायच्या पाठीला दोन्ही कडांनी पंखांसारखी बाजू लावली, म्हणजे तिला डुलकी लागली तरी ती कडेला कलंडणार नाही. तिने खाटेवर बसून, थांबत थांबत, एक रुंद पट्टा शिवला: तीन पदरी कॅनव्हास, आतून फलालीन. तिच्या कंबरेमागून येऊन मास्तरांच्या पोटावर बांधायचा. शिवणयंत्राचा पाय तिला आता मारवत नव्हता, म्हणून सगळं हातशिवणीचं. एक बाजू शिवायला तिला चार दिवस लागले. तरी टाका वाकडा नव्हता.

एका सकाळी नर्सला तिच्यापाशी बसवून मास्तर रस्ता बघून आले. सिमेंटच्या कारखान्यापर्यंत चांगला होता. पुढे अवजड गाड्यांनी त्याची चाळण केली होती. नदीच्या पुलापर्यंत ते गेले, एकेक खड्डा ध्यानात ठेवत. तोवर नर्सच्या कामाची वेळ होत आली होती. ते पुलावरूनच परतले.

आणि तिच्या चोरून त्यांनी फोनही केला. "दार बंद असलं तर?" ही धास्ती त्यांना स्वस्थ बसू देईना. पलीकडून अकरा वर्षांनी आक्कांचा आवाज आला.

"तिला बरं नाही, आक्का. फार नाही. म्हणजे, फारच बरं नाही. ती तुमच्याकडे यायचं म्हणतेय. गुरुवारी सकाळी, मोटरसायकलवरून."



"ती म्हणतेय?" आक्कांनी विचारलं.

"तीच म्हणतेय."

"बरं," आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला. रस्त्याचं काही विचारावं हे मास्तरांना सुचलंच नाही.

गुरुवारी ऊन कोवळं होतं, वारा पडलेला. तिने केस विंचरले, डोक्याला रुमाल बांधला, त्यावर हेल्मेट. ते आता तिला सैल होत होतं म्हणून आत जुन्या फोमची पट्टी घातली. नर्सने दंडात इंजेक्शन दिलं आणि मास्तरांना बजावलं, "दोन तास बरं वाटेल. फार तर अडीच." मास्तरांनी तिला उचलून सीटवर बसवलं. पट्टा बांधला. ती म्हणाली, "सुटले म्हणजे?" मास्तर म्हणाले, "तुझी शिवण आहे. सुटायची नाही."

कारखान्यापर्यंत ती बोलत होती. हे दुकान नवीन दिसतंय, त्या घराला कसला भडक रंग दिलाय, तो बघा कुत्रा पहारेकऱ्याच्या खुर्चीवर झोपलाय. कारखान्यानंतर तिचं बोलणं कमी झालं. मास्तर खड्डे चुकवत, पंधरा-वीसच्या वेगाने, बाळाचा पाळणा न्यावा तशी गाडी नेत होते. तरी काही चुकवता येत नव्हते. प्रत्येक धक्क्याला तिचा श्वास त्यांच्या पाठीवर थबकायचा.

पुलाच्या तोंडाशी रस्ता खचला होता. मास्तरांना तो खड्डा माहीत होता, पण समोरून अवजड गाडी आली आणि त्यांना कडेला घ्यावं लागलं. मागचं चाक आदळलं. तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. मग तिचं डोकं त्यांच्या पाठीवर जड झालं.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली, पट्टा सोडून मागे वळले. ओठ पांढरे पडले होते. कपाळावर घाम. त्यांनी पाणी पाजलं, ते हनुवटीवरून खाली आलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"थांबलात का?"

"बरं वाटतंय?"

"चला. थांबू नका."

"अगं, पण…"

"निम्म्याच्या वर आलोय ना? चला."

मास्तरांनी समोर बघितलं. पुलापलीकडे रस्ता झाडांमागे वळत होता. तिथून पुढचं काही दिसत नव्हतं. अजून अकरा-बारा किलोमीटर असेच असणार. मनात त्यांनी तो रस्ता मोजला, तिचे ओठ बघितले, आणि आयुष्यात कधी घाबरले नव्हते एवढे घाबरले. त्यांनी पट्टा पुन्हा बांधला. गाडी सुरू केली. आणि वळवली.

तिला ते कळायला एक क्षण गेला. मग तिने मुठीने त्यांच्या पाठीवर मारलं. एकदाच. त्या ठोशात काहीच जोर नव्हता. शर्टावर वाळलेलं पान पडावं तसा.

"घाबरलात," ती म्हणाली.

घर येईपर्यंत दुसरा शब्द नाही. घरी आल्यावरही नाही. दुपारी मास्तरांनी पडवीतून फोन लावला आणि आक्कांना सांगितलं, "तिला बरं वाटेना. परत यावं लागलं." पलीकडून आक्का म्हणाल्या, "बरं." तेवढंच. मास्तरांना वाटलं, आणखी काही सांगायला हवं होतं. पण आणखी काय, ते त्यांना नेमकं मांडता येईना.

दोन दिवस तिने त्यांच्याशी अबोला धरला. नर्सशी बोलायची, त्यांच्याशी नाही. औषध हातातून घ्यायची आणि तोंड भिंतीकडे करायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पेज भरवत होते तेव्हा तिने चमचा हाताने अडवला.

"पायाखालची फळी दोन इंच पुढे घ्या," ती म्हणाली. "गुडघा फार दुमडतो. पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

मास्तर तसेच उठले. पेज गार झाली. दुपारपर्यंत त्यांनी दोन्ही फळ्या सोडवल्या, नवी भोकं पाडली, दोन इंच पुढे घेऊन आवळल्या. आत जाऊन सांगितलं, तेव्हा ती झोपली होती.

सोमवारी तिला दवाखान्याच्या गाडीतून न्यावं लागलं. अकरा दिवस ती तिथे होती. त्यातले शेवटचे चार दिवस ती बोलली नाही. एका दुपारी मास्तर तिच्या उशीच्या अभ्र्याचं टोक सरळ करत होते, कारण शिवण उलटी दिसलेली तिला कधी खपत नसे, आणि तेवढ्यात ती गेली.

आक्का आल्या त्या नवव्या दिवशी. यजमानांपाशी बसायला कुणी मिळेपर्यंत त्यांना घर सोडता आलं नव्हतं. मास्तरांनी दार उघडलं आणि क्षणभर त्यांना उंबऱ्यावरून मागे सरायला झालं. तीच हनुवटी, तेच रागीट, रेखीव नाक. फक्त वयाने आणि अंगाने थोराड.

त्यांनी चहा केला. आक्का घरभर फिरल्या. शिवणयंत्रावरून हात फिरवला, खाटेच्या कडेवर बसल्या, उठल्या. पडवीत येऊन मोटरसायकलपुढे उभ्या राहिल्या. मागच्या सीटची पाठ, तिचे पंख, फळ्या, खुंटीला टांगलेला पट्टा. हे सगळं त्या बघत होत्या आणि मास्तर कपबशी हातात घेऊन मागे उभे होते.

"ह्याच्यावरून येत होतात?"

"हो."

"त्या दिवशी मी सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते." आक्का पाठमोऱ्याच बोलत होत्या. "ह्यांनाही सांगून ठेवलं होतं, मोटरसायकलचा आवाज आला की मला हाक मारा, मी आत असले तर. दुपारी तुमचा फोन आला." त्यांनी खुंटीवरचा पट्टा चाचपला. "बरं वाटेना म्हणालात. मी म्हटलं, हो, अर्ध्या वाटेवर तिला आठवलं असेल सगळं. फिरली असेल परत. तिचा स्वभाव मला माहीत होता ना."

"नाही," मास्तर म्हणाले.

"असू द्या. आता काय बोलायचं."

"नाही, आक्का. चूक होतेय." मास्तरांनी कपबशी सीटवर ठेवली. "ती नाही फिरली. मी फिरलो. पुलापाशी तिला घेरी आली. शुद्धीवर आली तर म्हणाली, चला. मी थांबलो तर म्हणाली, थांबू नका, निम्म्याच्या वर आलोय. दोनदा म्हणाली चला. मी गाडी वळवली. तिला विचारलं नाही. मी घाबरलो." इतकं सलग ते बहुधा कधीच बोलले नव्हते. "दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाली, फळी पुढे घ्या, पुढच्या वेळी लागेल. पुढच्या वेळी म्हणाली. तिला यायचंच होतं."

आक्कांनी तोंडावर पदर धरला. आधी वाटलं, त्या हसतायत. खांदे तसे हलत होते.

"वीस-बावीस दिवस," त्या म्हणाल्या, "वीस-बावीस दिवस मी तिला मनात शिव्या घालतेय हो. गेल्याचा फोन आला तेव्हासुद्धा पहिल्यांदा रागच आला मला."

 आक्का स्टुलावर बसल्या आणि पुष्कळ वेळ रडल्या. मास्तर शेजारी उभे राहिले. चहावर साय धरली.

चारच्या सुमाराला त्या बसला जायला निघाल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "मी सोडतो."

"बसपर्यंत?"

"घरी."

आक्कांनी गाडीकडे बघितलं, आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "स्टूल द्या इकडे."

मास्तरांनी आधी पाना घेतला आणि दोन्ही बाजूंच्या कड्या आवळल्या. किती खाचा, ते त्यांनी मोजलं नाही. आक्का स्टुलावर चढून मागे बसल्या. गल्लीतून बाहेर पडताना नर्स दारात उभी होती. तिने हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

कारखाना गेला. खड्डे सुरू झाले. आक्का दोन्ही हातांनी टेकायच्या पाठीचे पंख धरून बसल्या होत्या. पुलाच्या तोंडाशी मास्तरांनी गाडी थांबवली. त्यांनी काही सांगितलं नाही, पण आक्कांनी विचारलं, "इथे?"

"इथेच."

खाली नदीत पाणी थोडंच होतं. कुणीतरी कडेच्या दगडावर कपडे वाळत टाकले होते. आक्का त्या खचलेल्या रस्त्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "चला आता."

मास्तर पूल ओलांडून गेले. झाडांमागच्या वळणावर त्यांनी सवयीने वेग कमी केला, पाय ब्रेकवर ठेवला, अंग सावरून धरलं.

वळणापलीकडे रस्ता काळाभोर होता. गुळगुळीत. दोन्ही कडांना पांढरे पट्टे, मधोमध तुटक रेघ, आणि नजर जाईल तिथपर्यंत एक खड्डा नाही, एक उंचवटा नाही. म्हैस पाण्यावरून जावी तशी जाऊ लागली. खालून येणारे धक्के एकदम थांबले आणि कानांना फक्त इंजिनाचा आवाज येत राहिला.

एक-दीड किलोमीटर गेल्यावर मास्तरांनी विचारलं,

"हा रस्ता कधी झाला?"

 प्रश्न का विचारलाय, ते आक्कांच्या ध्यानात आलं होतं.

"दोन वर्षं झाली असतील."

"घरापर्यंत असाच आहे?"

"फाटकापर्यंत," आक्का हळूच म्हणाल्या. आणि मग, जरा वेळाने, "तुम्हाला काय ठाऊक असणार."

मास्तरांनी वेग वाढवला नाही. तेवढ्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर ते वीसच्या वेगाने चालले होते. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न देत होत्या आणि बाजूने पुढे जात होत्या. आक्कांनी लवकर चला म्हटलं नाही. त्यांनी पंखांवरचा एक हात काढून मास्तरांच्या खांद्यावर ठेवला आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

फाटकाशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. मास्तर आत येणार नव्हते. तसाच निरोप घेऊन वळायचं म्हणून त्यांनी इंजिन चालूच ठेवलं. आक्का फाटकाच्या खांबाला धरून सावकाश खाली उतरल्या. साडी सारखी केली. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आतल्या खोलीतून, खिडकीच्या गजांमागून, अंथरुणावरच्या माणसाचा अडखळता, मोठा, आनंदी आवाज आला.

"अगं, मोटरसायकल वाजतेय! आली का गं ती?"

आक्कांनी मास्तरांकडे बघितलं. "विसरतात हो सगळं. काल रात्रीही सांगितलं होतं," त्या पुटपुटल्या. मग घराकडे तोंड करून म्हणाल्या, "नाही हो. मीच आले." आणि पदराने तोंड पुसत त्या आत गेल्या.

मास्तर फाटकाशी दोन्ही पाय जमिनीला टेकून बसले होते. आतून पुन्हा तोच प्रश्न आला, आणि आक्कांचं उत्तरही, या वेळी जरा समजावणीच्या सुरात. मास्तरांनी हात पुढे केला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.